मंगळाच्या पोटात शिरण्यासाठी : इनसाइट यान उतरवण्यामागचं विज्ञान आणि त्यातले निर्णय

पार्श्वभूमी

खडकाळ ग्रहावर यान उतरवणं महाग असतं आणि जोखमीचंही. ग्रहाभोवती फिरणारं यान वर्षानुवर्षं सगळ्या ग्रहाचे फोटो काढतं, खनिजं ओळखतं, डोंगरदऱ्यांची उंची मोजतं, गुरुत्वाकर्षणातले बारीक फरकही टिपतं. उतरलेलं यान मात्र एकाच जागेचं होऊन बसतं. त्यामुळे उतरण्याचा प्रस्ताव कुणी मांडला की निवड समिती आधी एकच गोष्ट विचारते : हे काम वरून का होणार नाही?

या प्रश्नाला आजवर मिळालेलं सगळ्यात स्वच्छ उत्तर माझ्या मते ‘नासा’च्या इनसाइट मोहिमेचं आहे. हे यान २६ नोव्हेंबर २०१८ रोजी मंगळावर उतरलं आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्याचं काम थांबलं. त्याला चाकं नव्हती, जीवसृष्टी शोधण्याची साधनं नव्हती. जमिनीला कान लावून बसायचं, एवढंच त्याचं काम होतं. भूकंपाच्या लहरी ग्रहाच्या खोल भागातून प्रवास करून पृष्ठभागावर येतात आणि येताना वाटेत काय काय लागलं त्याची नोंद सोबत आणतात. कुठे घट्ट खडक, कुठे वितळलेला भाग, कुठे एक थर संपून दुसरा सुरू होतो, हे सगळं त्यांच्या वेगात आणि वळणात उतरलेलं असतं. अशा लहरी टिपायला जमिनीला टेकावंच लागतं.

ही कल्पना नवी नव्हती. १९७६ मध्ये मंगळावर उतरलेल्या दोन्ही व्हायकिंग यानांवर भूकंपमापक होते. पहिल्या यानावरच्या उपकरणाची प्रवासासाठी लावलेली अडकण सुटलीच नाही, त्यामुळे ते कामच करू शकलं नाही. दुसऱ्याचं उपकरण चाललं, पण ते यानाच्या माथ्यावर बसवलेलं होतं. वारा सुटला की यान हलायचं आणि उपकरण इमाने इतबारे ते हलणंच नोंदवायचं. मंगळाचा म्हणता येईल असा एखादाच संशयित धक्का त्यात मिळाला. पुढे रशियाचं मार्स-९६ हे यान भूकंपमापक घेऊन निघालं, पण पृथ्वीची कक्षा सोडण्याआधीच कोसळलं. फ्रान्सच्या पुढाकाराने चार लँडरचं जाळं टाकण्याची योजना आखली गेली होती, तीही रद्द झाली. ‘नासा’च्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतले ब्रूस बॅनर्ट आणि पॅरिसचे फिलिप लोन्योने हे दोघं शास्त्रज्ञ या सगळ्या काळात मंगळावर भूकंपमापक नेण्याचा आग्रह धरून होते. इनसाइटमागे असा अनेक वर्षांचा, बहुतेक वेळा पदरी निराशा आलेला पाठपुरावा आहे.

प्रश्न काय होता

बुध, शुक्र, पृथ्वी आणि मंगळ एकाच धूळढगातून जवळपास एकाच काळात, सुमारे साडेचार अब्ज वर्षांपूर्वी घडले. आधी सगळं वितळलेलं होतं. जड लोखंड खाली बसून गाभा झाला, हलका भाग वर येऊन कवच झालं, आणि मधे प्रावरण राहिलं. पृथ्वीवर या घडणीच्या सुरुवातीच्या खुणा जवळजवळ पुसल्या गेल्या आहेत, कारण इथलं प्रावरण अजून ढवळतं आहे आणि भूपट्ट, म्हणजे कवचाचे मोठे तुकडे, सतत एकमेकांखाली जात आहेत. मंगळावर भूपट्ट नाहीत, म्हणून तिथे जुनी रचना टिकलेली असण्याची शक्यता जास्त.

वरून मिळालेल्या माहितीवरून अंदाज बांधता येत होते. गुरुत्वाकर्षण आणि भरती-ओहोटीच्या (सूर्याच्या ओढीने ग्रह किती ताणला जातो त्याच्या) मोजणीवरून मंगळाचा गाभा, निदान बाहेरचा भाग तरी, द्रवरूप असावा असं २००३ च्या सुमारास दिसून आलं होतं. पण कवच किती जाड आहे आणि गाभा नेमका किती मोठा आहे, यांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली होती. एक आकडा बदलला की दुसरा त्याला जुळवून घ्यायचा. एकाच गुरुत्वाकर्षणात बसणाऱ्या अनेक रचना कागदावर शक्य होत्या आणि त्यातली खरी कोणती हे ठरवायला लहरींच्या प्रवासाची वेळच हवी होती.

समोरचे पर्याय

ग्रह कोणता, हा पहिला पर्याय. शुक्र आकाराने पृथ्वीच्या जवळचा, पण पृष्ठभागाचं तापमान ४६० अंश सेल्सियसच्या आसपास. १९८२ मध्ये तिथे उतरलेलं सोव्हिएत व्हेनेरा-१३ हे यान १२७ मिनिटं चाललं, आणि त्या काळात तो मोठा पराक्रम ठरला. धक्क्यांची वाट पाहायला महिने, वर्षं लागतात. बुधावर हवा नाही, म्हणजे पॅराशूट नाही, सगळा वेग इंधन जाळूनच मारायचा. युरोपच्या बेपीकोलंबो मोहिमेतही बुधावर उतरणारा एक भाग होता, तो २००३ मध्ये वगळावा लागला. मंगळ हा सोयीचा मधला मार्ग होता. वेग कमी करण्याइतपत हवा तिथे होती आणि उपकरणं वर्षानुवर्षं टिकतील अशी थंडीही.

दुसरा पर्याय जास्त महत्त्वाचा होता : एक केंद्र की जाळं? पृथ्वीवर एखाद्या धक्क्याचं केंद्र शोधायला निदान तीन ठिकाणच्या नोंदी लागतात. आपल्याकडे डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची मालिका सुरू झाली, तेव्हा अभ्यासकांनी पहिल्यांदा काय केलं असेल तर त्या भागात आणखी भूकंपमापक नेऊन बसवले. अपोलो मोहिमांनी चंद्रावर चार केंद्रांचं जाळं उभं केलं आणि ते १९७७ पर्यंत चाललं. मंगळावर चार यानं म्हणजे चार वेळा उतरणं आणि तेवढा खर्च. तो आग्रह धरल्यामुळे आधीच्या योजना बारगळल्या होत्या.

बॅनर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे जो निर्णय घेतला तो मला या प्रकरणातला सगळ्यात धाडसी वाटतो. एकाच केंद्रावर काम भागवायचं. वेगाने येणारी पी-लहर आणि मागून येणारी एस-लहर यांच्यातल्या वेळेवरून अंतर कळतं. पी-लहर जमिनीला कोणत्या दिशेने हलवते त्यावरून दिशा कळते. एकाच ठिकाणी बसून, अनिश्चितता जास्त मान्य करून, कामचलाऊ पत्ता मिळवायचा. ऑगस्ट २०१२ मध्ये ‘नासा’ने डिस्कव्हरी या मर्यादित खर्चाच्या मोहिमांच्या कार्यक्रमाखाली ही मोहीम निवडली. अंतिम फेरीत तिच्यासमोर शनीच्या टायटन या चंद्रावरच्या समुद्रात तरंगणारं यान आणि धूमकेतूवर उड्या मारणारं यान असे दोन प्रस्ताव होते. दोन्ही कल्पना डोळ्यांत भरणाऱ्या. तरी निवड झाली ती एका जागी स्थिर बसणाऱ्या यानाची. खर्च आटोक्यात ठेवायला यानाचा सांगाडा २००८ मध्ये मंगळावर उतरलेल्या फीनिक्सवर बेतला गेला.

पहिला कठीण क्षण : गळती

प्रक्षेपण मार्च २०१६ मध्ये ठरलं होतं. फ्रान्सच्या अंतराळ संस्थेच्या नेतृत्वाखाली तयार झालेला भूकंपमापक अणूच्या आकाराहून लहान हालचाल टिपू शकत होता, पण त्यासाठी त्याचे मुख्य संवेदक निर्वात गोलात असायला हवे होते. त्या गोलाला गळती लागली. दुरुस्त केली, तर पुन्हा लागली. डिसेंबर २०१५ मध्ये उणे ४५ अंशांच्या चाचणीत निर्वात पुन्हा टिकला नाही आणि प्रक्षेपण थांबवलं गेलं.

मंगळाची प्रक्षेपण खिडकी, म्हणजे तिकडे निघण्याचा सोयीचा काळ, २६ महिन्यांनी उघडते. त्यामुळे थांबायचं म्हणजे सव्वादोन वर्षांचा पगार, साठवण, पुन्हा चाचण्या. तीन रस्ते होते. थोडी गळती चालवून घ्यायची आणि कमी संवेदनशील उपकरण घेऊन निघायचं. मोहीम रद्द करायची. किंवा दुरुस्त करून २०१८ मध्ये जायचं. पहिला रस्ता मोहाचा होता, कारण यान तयार होतं. पण उतरण्याचं सगळं समर्थनच त्या एका उपकरणावर उभं होतं. ते अधू झालं असतं तर मंगळावर एक महागडं हवामान केंद्र उरलं असतं. ‘नासा’ने तिसरा रस्ता धरला. निर्वात गोल नव्याने बांधायची जबाबदारी जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीने घेतली. ६७ कोटी ५० लाख डॉलरच्या खर्चात सुमारे १५ कोटी ४० लाखांची भर पडली. ५ मे २०१८ रोजी यान कॅलिफोर्नियातून निघालं.

उतरण्याची जागा

जागा निवडताना भूकंपशास्त्राची अट फारशी कडक नव्हती, लहरी कुठेही येतात. अटी इतर गोष्टींच्या होत्या. सौरऊर्जेसाठी विषुववृत्ताजवळ, पॅराशूटला पुरेशी हवा मिळावी म्हणून सखल, धोंडे कमी, उतार कमी. आणि जमीन भुसभुशीत, कारण उष्णता मोजणारं दुसरं उपकरण जमिनीत खोल उतरायचं होतं. २२ जागांमधून चार उरल्या, त्या चारही एलिसियम प्लॅनिशिया या सपाट मैदानातल्या. यान ज्यात कुठेही उतरू शकेल ते लंबवर्तुळाकार क्षेत्र सुमारे १३० किलोमीटर लांब आणि २७ किलोमीटर रुंद. दिसायला अगदी नीरस जागा, पण पूर्वेला सुमारे १,६०० किलोमीटरवर सेर्बेरस फोसे नावाच्या भूगर्भीय दृष्टीने तरुण भेगा होत्या.

जमिनीवर ठेवण्याचा निर्णय

व्हायकिंगच्या अनुभवातून एक गोष्ट पक्की ठरली होती : भूकंपमापक यानावर ठेवायचा नाही. त्यासाठी रोबोटचा हात हवा, आणि मंगळावर आधी कुठल्याही यानाने असं उपकरण उचलून खाली ठेवलेलं नव्हतं. चमूने घाई केली नाही. आधी समोरच्या जमिनीचे फोटो घेतले, पृथ्वीवर तशीच जमीन रचून सराव केला. १९ डिसेंबर २०१८ रोजी उपकरण जमिनीवर ठेवलं गेलं आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्यावर वारा आणि तापमान अडवणारं घुमटाकार झाकण बसलं. केबलमधून येणारा खडखडाट मात्र राहिला. पुढे २०२१ मध्ये हाताने माती उचलून केबल पुरण्याचं काम करावं लागलं.

आपल्या विक्रम लँडरवरचा इल्सा हा भूकंपमापकही २०२३ मध्ये चंद्राच्या जमिनीवर उतरवूनच वापरला गेला, हे मला इथे नोंदवावंसं वाटतं. धडा तोच आहे.

दुसरा कठीण क्षण : अडकलेला हातोडा

जर्मन अंतराळ संस्थेचं सळईसारखं उपकरण आपल्याच अंगातल्या हातोड्याने ठोकत जमिनीत ५ मीटरपर्यंत शिरणार होतं. मंगळाच्या पोटातून किती उष्णता बाहेर येते ते मोजायचं होतं. पृष्ठभागाजवळ दिवस-रात्रीच्या आणि ऋतूंच्या तापमानाचा गोंधळ असतो, म्हणून निदान ३ मीटर तरी खोल जायला हवं होतं.

२८ फेब्रुवारी २०१९ रोजी ठोकणं सुरू झालं आणि सुमारे ३५ सेंटिमीटरवर थांबलं. ठोकणाऱ्या सळईला पुढे जायला आजूबाजूच्या मातीची पकड लागते, नाहीतर प्रत्येक ठोक्याला ती उसळून परत येते. इथली माती चिकटून घट्ट झाली होती, तिच्यात सळईभोवती पोकळी तयार झाली आणि पकड मिळालीच नाही. आधीच्या यानांनी पाहिलेली मोकळी वाळू गृहीत धरून हे डिझाइन झालं होतं.

मग जवळपास दोन वर्षं प्रयत्न चालले. बाहेरचं आवरण उचलून बाजूला केलं. हाताच्या फावड्याने सळईला बाजूने दाब दिला, थोडी प्रगती झाली आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये सळई अर्धीअधिक बाहेर उसळली. मग फावड्याने तिच्या डोक्यावर दाब दिला. जानेवारी २०२१ मध्ये ती जेमतेम जमिनीखाली गेली, आणखी ५०० ठोक्यांनीही पुढे सरकली नाही, तेव्हा प्रयत्न थांबवले गेले.

हे उपकरण उचलून दुसरीकडे ठेवता आलं नसतं. सळई धरून उपसण्याची सोय हाताला नव्हती. एकदा ठेवलं ते ठेवलं. सगळा डाव एका जागेच्या, कुणी न पाहिलेल्या मातीवर लावला गेला होता.

तिसरा कठीण क्षण : धूळ

यानाची सौर पॅनेलं जवळपास दोन पृथ्वी-वर्षांच्या, म्हणजे मंगळाच्या साधारण एका वर्षाच्या, नियोजित आयुष्यासाठी पुरतील एवढी मोठी बनवली होती. धूळ झटकणारी यंत्रणा बसवली नव्हती, कारण तिने वजन आणि खर्च वाढला असता. स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी या रोव्हर्सची पॅनेलं वाऱ्याच्या भोवऱ्यांनी अधूनमधून साफ झाली होती. इनसाइटच्या आसपासही भोवरे फिरले, पण पॅनेलं साफ झाली नाहीत.

सुरुवातीला मंगळाच्या एका दिवसात सुमारे ५,००० वॅट-तास वीज मिळायची. मे २०२२ पर्यंत ती ५०० वर आली. मधल्या काळात एक सुंदर युक्ती केली गेली. हाताने पॅनेलजवळ वाळू ओतली, वाऱ्याने तिचे जाड कण पॅनेलवरून उड्या मारत गेले आणि जाताना बारीक धूळ घेऊन गेले. त्यातून दिवसाला सुमारे ३० वॅट-तास वाढले. थोडे होते, पण मोलाचे.

जून २०२२ मध्ये शेवटचा निर्णय आला. भूकंपमापक बंद करून यान जास्त दिवस जिवंत ठेवायचं, की इतर सगळं बंद करून भूकंपमापक जमेल तितका चालवायचा? दुसरा मार्ग निवडला. वीज घटली की यान आपोआप झोपी जाण्याची सुरक्षा व्यवस्थाही काढून टाकली, म्हणजे यान अचानक बंद पडण्याचा धोका पत्करला. मला हा निर्णय पूर्ण बरोबर वाटतो. ऐकणं थांबवून नुसतं जिवंत राहिलेलं इनसाइट कुणाच्याच कामाचं नव्हतं. १५ डिसेंबर २०२२ ला शेवटचा संपर्क झाला आणि २१ डिसेंबरला मोहीम संपल्याचं जाहीर झालं.

निष्पत्ती

पहिला स्पष्ट मंगळकंप ६ एप्रिल २०१९ रोजी मिळाला. एकूण १,३०० हून अधिक कंप नोंदले गेले. बहुतेक बारीक, दिवसाच्या वाऱ्यात बुडून जाणारे, संध्याकाळच्या शांततेत सापडणारे. मोठे धक्के मुख्यतः सेर्बेरस फोसेकडून आले.

जुलै २०२१ मध्ये कवच, प्रावरण आणि गाभा यांवरचे तीन शोधनिबंध एकत्र प्रसिद्ध झाले. द्रव गाभ्यातून एस-लहरी जात नाहीत, त्याच्या सीमेवरून परत फिरतात. त्या परतलेल्या लहरींच्या वेळेवरून गाभ्याची त्रिज्या सुमारे १,८३० किलोमीटर निघाली. ३,३९० किलोमीटर त्रिज्येच्या ग्रहाला हा गाभा अपेक्षेहून मोठा होता, म्हणजेच घनतेने कमी. लोखंडात गंधकासारखी हलकी मूलद्रव्यं बरीच मिसळलेली असली पाहिजेत.

हे उत्तर टिकलं नाही, आणि या प्रकरणातला तो भाग मला सगळ्यात आवडतो. २५ ऑगस्ट २०२१ रोजी मंगळाच्या दूरच्या बाजूला ४.२ तीव्रतेचा कंप झाला. सप्टेंबरमध्ये एक उल्का दूर जाऊन आदळली. त्यांच्या लहरी गाभ्यातून आरपार आल्या. त्यांचा हिशेब लावल्यावर २०२३ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवलं की गाभ्याच्या भोवती सुमारे १५० किलोमीटर जाडीचा वितळलेल्या सिलिकेट खडकाचा थर आहे, आणि आधी गाभ्याची सीमा म्हणून मोजली ती या थराची वरची सीमा होती. खरा गाभा १,६५० ते १,६७५ किलोमीटरच्या आसपास.

२४ डिसेंबर २०२१ रोजी आणखी एक उल्का आदळली. कक्षेतल्या मार्स रीकॉनिसन्स ऑर्बिटरने तिथे १५० मीटर रुंदीचा ताजा खड्डा आणि आजूबाजूला फेकले गेलेले बर्फाचे तुकडे दाखवले. इथे वरचं यान आणि खालचं यान एकमेकांना पूरक ठरलं : धक्क्याची नेमकी जागा कळल्यामुळे लहरींचा हिशेब तपासून पाहता आला. ४ मे २०२२ रोजी ४.७ तीव्रतेचा, मोहिमेतला सर्वांत मोठा कंप झाला. पृथ्वीवर मध्यम, मंगळासाठी अवाढव्य.

या तारखा पुन्हा पाहाव्यात. दूरचा कंप, उल्का, सर्वांत मोठा धक्का, हे सगळं नियोजित आयुष्य संपल्यानंतर, मुदतवाढीच्या काळात आणि घटत्या विजेवर आलं.

वेगळं काय करता आलं असतं

पॅनेल साफ करण्याच्या सोयीची किंमत आणि वजन मोजताना, कंपांचं वेळापत्रक आपल्या हाती नाही ही गोष्ट पुरेशी धरली गेली नाही असं मला वाटतं. मोठे धक्के विरळ असतात. त्यामुळे ऐकण्याचं प्रत्येक जादा वर्ष पहिल्या वर्षाहून जास्त मोलाचं ठरू शकतं. दोन वर्षांच्या हिशेबाने बांधलेलं यान चार वर्षं चाललं हे कौतुकाचं आहे, पण आराखडा करतानाच दीर्घ आयुष्याला खर्चात जागा मिळायला हवी होती.

उष्णता मोजणाऱ्या उपकरणाबाबत दोन गोष्टी. एक, सळई उपसून पुन्हा ठेवण्याची सोय. दोन, वेगवेगळ्या चिकटपणाच्या मातीत जास्त चाचण्या. त्यातूनही यश मिळालं असतंच असं नाही, पण एका अंदाजावर पूर्ण डाव लागला नसता.

गळतीच्या बाबतीत उशीर योग्यच होता. सुधारायचं असेल तर त्या गोलाची थंडीतली चाचणी बरीच आधी व्हायला हवी होती, म्हणजे प्रक्षेपणाला तीन महिने उरलेले असताना निर्णय घ्यावा लागला नसता.

एका केंद्राचा निर्णय मात्र मी बदलला नसता. जाळ्याचा आग्रह धरला असता तर आजही मंगळाच्या गाभ्याबद्दल फक्त अंदाज असते. पण एका केंद्राची मर्यादाही दिसते आहे. २०२५ मध्ये याच जुन्या नोंदींच्या नव्या विश्लेषणातून मंगळाच्या द्रव गाभ्याच्या आत सुमारे ६०० किलोमीटर त्रिज्येचा घन आंतर-गाभा आहे असा निष्कर्ष मांडला गेला. आंतर-गाभा गोठत असेल तर त्यातून चुंबकीय क्षेत्राला बळ मिळायला हवं; मग मंगळाचं हे क्षेत्र फार पूर्वीच का विझलं, याचं स्पष्टीकरण नव्याने द्यावं लागेल. हे सगळं मोजक्या कंपांच्या अतिशय क्षीण लहरींवर उभं आहे, आणि ते तपासायला मंगळावर सध्या एकही भूकंपमापक चालू नाही. पुढचं केंद्र इनसाइटच्या जागेपासून दूर, शक्यतो सेर्बेरस फोसेच्या विरुद्ध बाजूला बसवावं, म्हणजे तिथले नेहमीचे धक्केसुद्धा गाभ्यातून आरपार येऊन पोहोचतील.